केळीकडे की रस्त्याकडे

पॅसेंजर येऊन स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला उभी राहिली आणि स्टेशनमास्तर रुपचंद माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही ती गाडी मीच अडवून धरली होती. तसं म्हटलं तर अडवून धरलीच होती. मे महिन्याची दुपार, खानदेशातलं ऊन आणि स्टेशन नांदरखेडे, म्हणजे अमळनेर-धरणगाव पट्ट्यातलं असं स्टेशन, की जिथे एक्स्प्रेस गाड्या शिट्टी द्यायलासुद्धा राजी नसतात. पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात ज्युनिअर इंजिनिअर आहे. नाव ऋतिका, पण घरी मला मिरची म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत.

सकाळपासून मी आणि माझा हेल्पर भिकन एका पॉइंटवर काम करत होतो. पॉइंट म्हणजे सांधा, जिथे एका रुळाच्या दोन वाटा होतात. त्या पॉइंटवरून गाडी सरळ गेली तर मेन लाईन, डावीकडे वळली तर लूप लाईन. रुळाच्या पाती हलवणारं मशीन जुनं झालं होतं, ते काढून डेपोतून आलेलं दुसरं बसवलं. काम झाल्यावर मी मोटरसायकलने स्टेशनात आले, भिकन तिकडेच थांबला. आता फक्त तपासणी उरली होती. स्टेशनातल्या बटणांच्या पॅनलवर मी 'मेन लाईन' लावायची, आणि तिकडे रुळावर पात खरोखर मेन लाईनला बसली का, ते तिथल्या माणसाने डोळ्यांनी बघून फोनवर सांगायचं.

त्या एवढ्याशा कामात मास्तरांनी माती कालवली. मी फोन कानाला लावून भिकनला विचारायला तोंड उघडलं, तोच ते माझ्या खांद्यावरून ओरडले, की मेन लाईन आली रे, बघ, बरोबर आहे ना? भिकन तिकडून म्हणाला, बरोबर शे साहेब. झालं. मास्तर हात झटकून सिग्नलच्या बटणाकडे वळले. मी मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, ही तपासणी धरायची नाही, पुन्हा करायची.

मास्तर माणूस वाईट नाही. पण कंट्रोल ऑफिसचा फोन दर थोड्या वेळाने खणखणत होता आणि तिकडचा साहेब त्यांना पॅसेंजर का उभी म्हणून सोलून काढत होता. ते मला म्हणाले, अहो बाई, पॅनल बरोबर म्हणतंय, तुमचा माणूस बरोबर म्हणतोय, आता काय पंचांग बघायचं आहे का? मी म्हटलं, माझा माणूस बघून नाही बोलला, तुमचं ऐकून बोलला. त्यावर ते जे काही पुटपुटले ते इथे सांगण्यासारखं नाही. मी भिकनला पुन्हा फोन लावला तर फोन बंद. सकाळपासून उन्हात तापून बॅटरीने जीव सोडला होता.

मी खिडकीतून लूप लाईनकडे पाहिलं. तिथे खडीच्या डब्यांची गाडी उभी होती. रूळ दुरुस्तीच्या गँगची माणसं भाकरी खाऊन डब्यांच्या सावलीत आडवी झाली होती. काही जण तर चक्क डब्यांखाली, रुळाची उशी करून झोपले होते. पॉइंट उलटा असला तर मेन लाईनचा हिरवा दिवा बघून निघालेली पॅसेंजर त्यांच्यावरच येणार होती. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण असं कधी होत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता हा हट्ट मी कुठून शिकले, ते सांगायला हवं. जीवराम नानांकडून. नाना धरणगावला सिग्नल मेंटेनर होते, मी तेव्हा शाळेत होते. आमची कपाशी रुळाला लागून, आणि मला त्या लाल-हिरव्या दिव्यांचं असं वेड की वेचणीला गेले तरी माझं लक्ष सिग्नलकडे. आई म्हणायची, या पोरीच्या झोळीत कपाशी कमी आणि माती जास्त. एक दिवस मी सरळ नानांना जाऊन विचारलं, दिवा बदलायचा हे त्याला कोण सांगतं? दुसरा कोणी असता तर हाकलून दिलं असतं. नाना हसले, आणि म्हणाले, भाऊंना विचारून ये, मग दाखवतो. भाऊ म्हणजे माझे वडील. ते आधी नाही म्हणाले, पोरीच्या जातीने रुळावर काय करायचं म्हणून. नाना घरी आले, दोन भाकरी भरीत खाल्लं, आणि जाताना भाऊंचं 'नाही' बरोबर घेऊन गेले.

नाना मला रुळापासून लांब, बांधावर उभं करायचे आणि केबिनमधून पॉइंट फिरवायचे. मग हाक मारून विचारायचे, "फट कोनकडे? केळीकडे का रस्त्याकडे?" पॉइंटच्या दोन पातींपैकी एक रुळाला चिकटते, दुसरी सुटून उभी राहते, तिथे फट पडते. तिथे एका अंगाला केळीची बाग होती, दुसऱ्या अंगाला रस्ता. फट कुठल्या बाजूला ते सांगितलं की पॉइंट कसा बसलाय ते कळतं. मी एकदा विचारलं, नाना, सरळ 'मेन लाईन लागली का' असं का नाही विचारत? नाना म्हणाले, "माणूसले 'हो' म्हनाले काही लागस नही. देखाले लागस."

मग मला समजावं म्हणून त्यांनी पंगतीचं सांगितलं. पंगतीत वाढणारा 'मीठ बरोबर आहे ना?' विचारतो, तर सगळी पंगत माना डोलावते. 'काय कमी आहे?' विचारलं तर माणूस आधी घास तोंडात घेतो, मग बोलतो. म्हणून विचारणाऱ्याने आपलं उत्तर पोटात ठेवायचं. आवाजातसुद्धा ते येऊ द्यायचं नाही. समोरच्याला तुला काय ऐकायचंय ते कळलं, की तो तेच देतो. वाईट म्हणून नाही, माणूस म्हणून. नाना हे इतक्या वेळा बोलले, की माझ्या हाडात गेलं. पुढे शिरपूरला डिप्लोमाला घालायला नानाच भाऊंबरोबर आले होते, फेट्याला इस्त्री करून. मला नोकरी लागली तेव्हा सुगंधाबाई अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, गावभर पेढे वाटले. माझ्या सख्ख्या काकूने नाही वाटले.

तर त्या दुपारी मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही पॅनलवर थांबा, मी पॉइंटवर जाते आणि बघून सांगते. मोटरसायकलची किल्ली हातात घेतली आणि फोन वाजला. नाना.

नाना रिटायर होऊन नरडाण्याकडच्या त्यांच्या गावी राहत होते. आठवड्यातून एकदा फोन असायचाच, म्हणून मला आधी वाटलं नेहमीचाच. पण त्यांचा आवाज ऐकला आणि मी जागीच थांबले.

"ऋतिका, तू नांदरखेडाले शे ना? मी याच गाडीमा शे."

अक्का मुलीकडे, चारुलताकडे, जळगावला गेल्या होत्या. तिथे सकाळी छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सांगितलं, लगेच ऑपरेशन. चारुलताने नानांना फोन केला. पारोळ्याच्या रस्त्याचं काम चाललंय, एसटी तासन् तास रखडते, म्हणून नाना म्हणाले, रेल्वेने येतो, रेल्वे रखडत नाही. आणि तीच रेल्वे माझ्या सिग्नलला लाल दिवा बघत उभी होती. अक्का आत जायला तयार नव्हत्या. नाना आल्याशिवाय, त्यांना बघितल्याशिवाय नाही, असं म्हणत होत्या. डॉक्टर थोडं थांबले होते, पण आणखी थांबणार नव्हते.

"ती मनी वाट देखी राहिनी," नाना म्हणाले. "सोड ना माय गाडी."

 मी त्यांना सांगितलं, पॉइंटचं मशीन बदललंय, तपासणी राहिलीय, मी निघालेच आहे पॉइंटवर. नानांनी विचारलं, पॉइंटवर कोण होतं? मी भिकनचं सांगितलं. मास्तर काय ओरडले तेही सांगितलं, कारण नानांपासून मी कधी काही लपवलं नाही. मला वाटलं, ते म्हणतील, बरोबर, पुन्हा बघ. त्यांच्याशिवाय हे कोणाला कळणार?

"भिकन बोलना ना बरोबर शे?" नाना म्हणाले. "मंग?"

हे नानांनी म्हणावं? मला क्षणभर कळलंच नाही, की मी कोणाशी बोलतेय. मला राग आला, खरंच सांगते, रडू यायच्या आधी राग आला. ज्या माणसाने मला उन्हात बांधावर उभं करून हे शिकवलं, तोच म्हणतोय मग काय? मी म्हटलं, "नाना, तो बघून नाही बोलला. तुम्हीच सांगितलं होतं ना..."

"मना शिकाडेल माले नको सांगू," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

मास्तरांनी ऐकलं होतं सगळं. स्टेशन एका खोलीचं, ऐकू न येऊन जाणार कुठे? ते आवाज उतरवून म्हणाले, पोरी, तुझ्या गुरूची बायको आहे, सोडून दे आता. पुण्य लागेल. बटण मी दाबतो, तू फक्त 'काम झालं' एवढं म्हण. आणि मला सांगायला लाज नाही, शब्द माझ्या ओठांवर आले होते. पॅनल चकचकीत बरोबर दाखवत होतं. नवं मशीन, सकाळी दहा वेळा फिरवून पाहिलेलं. असं कधी होत नाही. अक्कांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, माझ्या पानात मला न विचारता दुसरी भाकरी टाकणाऱ्या अक्का. एक हो म्हणायचं होतं, बस.

तेवढ्यात दारात भिकन उभा राहिला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, घामाने निथळत, रुळाच्या कडेकडेने चालत आला होता. फोन बंद पडला, तपासणी झाली, म्हणजे काम संपलं असं समजून तो निघाला होता. म्हणजे आता पॉइंटवर कोणीही नव्हतं. मी त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. विचारलं, "भिकन, फट कोणत्या बाजूला होती?"

भिकन गोंधळला. मशीन फिरलं म्हणाला. खटका वाजला म्हणाला. साहेब मेन लाईन म्हणाले, म्हणून मीही म्हटलं. फट कोणत्या बाजूला ते विचारलंत तर सांगता येणार नाही म्याडम, ऊन डोळ्यांवर होतं. पोरगा खोटं बोलला नाही, एवढं त्याचं मोठेपण. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी बटणावरचा हात काढून घेतला, पण तोंड फिरवून घेतलं.

मी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि पुन्हा फोन. पुन्हा नाना. या वेळी मागे गाडीतला गोंगाट नव्हता. वारा होता आणि लांबून इंजिनाची घरघर.

"मी पॉइंटपाशी उभा शे. लाव. आनि इचार."

गाडी होम सिग्नलला उभी होती आणि पॉइंट तिथून पुढे हाकेच्या अंतरावर. नाना गाडीतून उतरून, ड्रायव्हरला हात करून, तेवढ्या उन्हात पुढे चालत गेले होते. ते रिटायर माणूस, नियमाने त्यांची साक्ष चालत नाही, हे मला माहीत होतं. पण नुसत्या बघण्याला नियम आडवा येत नाही, आणि रेल्वेत त्या पॉइंटकडे नानांपेक्षा नीट बघणारा डोळा मला दुसरा माहीत नव्हता. मग माझ्या मनात जे आलं त्याने माझं मलाच कसंतरी झालं. त्या क्षणी ही गाडी सुटावी असं या पृथ्वीवर सगळ्यात जास्त कोणाला वाटत होतं? त्यांनाच. मी ज्याच्या शब्दावर शेकडो माणसं पुढे पाठवणार, त्याची बायको पुढे वाट बघत होती.

मी परत आत आले. मास्तरांना बोटाने खूण केली, की आता शब्द काढायचा नाही. फोन कानाला धरला आणि पॅनलवर पॉइंट एकदा उलटा करून पुन्हा फिरवला. कुठे फिरवला ते बोलले नाही. नाना ओळखतील म्हणून श्वाससुद्धा जपून घेतला. मेन लाईन लावली होती. म्हणजे फट रस्त्याकडे पडायला हवी. केळी इथेही होती, लूपच्या अंगाला, आणि रस्ता पलीकडे. नानांची ती विचारायची पद्धत मी जिथे जाईन तिथे जवळच्या खुणांवर बसवून घेतली होती, पण या स्टेशनात काही बदलावंच लागलं नव्हतं.

"नाना, फट कोणत्या बाजूला? केळीकडे की रस्त्याकडे?"

माझा आवाज कोरडा होता. मला स्वतःला परका वाटला. तिकडून लगेच उत्तर आलं नाही. वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग खडीवर पाऊल वाजलं, म्हणजे नाना वाकले असावेत.

"केळीकडे."

 मास्तरांचा हात तोंडावर गेला. मी पॅनलवर लूप लाईन लावली आणि तोच प्रश्न, तसाच्या तसा, पुन्हा विचारला.

"रस्त्याकडे," नाना म्हणाले.

पुन्हा मेन लाईन. "केळीकडे." मग मी बटणाला हातच लावला नाही, मशीन जागचं हललं नाही, तरी विचारलं. नाना म्हणाले, "तशेच शे. केळीकडे." दर वेळी उलट, आणि दर वेळी खरं. पॅनल एक सांगत होतं, रूळ दुसरं. आम्ही हिरवा दिला असता तर पॅसेंजर मेन लाईन समजून लूपमध्ये शिरली असती, आणि खडीच्या डब्यांखाली माणसं झोपली होती.

मी गप्प होते. आणि इतक्या वर्षांची नानांची विद्यार्थिनी गप्प का आहे, हे नानांना कळायला वेळ लागला नाही.

"उलटं बोली राहिनं ना?" त्यांनी विचारलं.

"हो नाना."

 ते म्हणाले, मशीन कोणत्या बाजूचं आहे ते उघडून बघ, आणि गाडी हलवू देऊ नको. एवढंच. अक्कांचं नाव त्यांनी काढलं नाही.

मास्तरांनी कंट्रोलला सांगितलं आणि तिकडचा साहेबही पहिल्यांदा गप्प झाला. भिकनने धावत जाऊन लूपमधल्या माणसांना उठवून बाहेर काढलं. आता उपाय एकच होता. पॉइंट मशीनने नाही, हाताने दांडा फिरवून मेन लाईनला लावायचा, पात क्लँपने रुळाला आवळायची, कुलूप घालायचं, आणि ड्रायव्हरला मास्तरांची लेखी परवानगी देऊन गाडी बैलगाडीच्या चालीने आत घ्यायची. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ नानांकडे नव्हता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मी आणि भिकन पोचलो तेव्हा नाना डोक्यावर पंचा घेऊन पॉइंटशेजारी उभे होते. गाडीतली माणसं खाली उतरून झाडाच्या सावल्या शोधत होती, कोणी मोबाईलवर रेल्वेला शिव्या देत होतं. मी मशीनचं झाकण उघडलं. ही मशिनं रुळाच्या डाव्या अंगाला बसवायची असली तर आतली जोडणी एक, उजव्या अंगाला असली तर बरोबर उलटी. बाहेरून रंग, आकार, सगळं सारखं. डेपोतून दुसऱ्या अंगाचं आलं होतं. ते पातही उलटी फिरवत होतं आणि पॅनलला खबरही उलटी देत होतं, म्हणून पॅनलला कधी शंकाच आली नाही. डावं-उजवं लहानपणीच उलटं शिकलेला माणूस जसा चुकतो नेहमी पण अडखळत कधीच नाही, तसं. सकाळी मी ते दहा वेळा फिरवलं होतं, आणि दहाही वेळा ते फिरतं की नाही एवढंच पाहिलं होतं.

भिकन दांडा फिरवत असताना नानांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून चारुलता रडत बोलत होती, ते मला इतक्या लांबूनही ऐकू आलं. नाना 'बरं' म्हणाले. मग पुन्हा एकदा 'बरं' म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "आत लई गयात तिले."

 मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि हातात तर क्लँपची चावी. मी चावी फिरवत राहिले. क्लँप बसला, कुलूप लागलं. नानांनी कशालाही हात लावला नाही, पण गाडीकडे वळायच्या आधी ते वाकले आणि फटीकडे नीट बघितलं. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, रस्त्याकडे. मग ते गाडीत चढले. गाडी माझ्यासमोरून इतकी हळू गेली की प्रत्येक खिडकीतला चेहरा दिसला. नाना खिडकीत बसले नव्हते.

अक्का आतून बाहेर आल्याच नाहीत. नाना दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपून गेलं होतं. संध्याकाळी चारुलताचा मला एकच निरोप आला, आई गेली, नानांची भेट झाली नाही. त्याच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलं नव्हतं ते मी कितीदा तरी वाचलं.

अंत्यविधीला जायची माझी हिंमत झाली नाही. मग एका सकाळी भाऊच म्हणाले, दुखवट्याला दारावर जाऊन यायलाच हवं, ज्याने तुला उभं केलं त्याच्या दारात आज नाही गेलीस तर कधी जाशील? दोघं नरडाण्याला उतरून गावात गेलो. ओट्यावर माणसं बसली होती. नाना भिंतीला टेकून, दाढी वाढलेली, एकदम लहान झालेले. मी बायकांकडे बसले. चारुलताने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तिचं बरोबर होतं. तिच्या आईने शेवटपर्यंत दाराकडे बघितलं होतं.

ओट्यावर त्या दिवसाचंच बोलणं चाललं होतं. रेल्वेतला कोणी जुना सोबती सांगत होता, की अहो, केवढा हा माणूस, बायको तिकडे मरणाच्या दारात आणि याने गाडी सुटावी म्हणून खोटं बोलायचं सोडून खरं सांगितलं, शेकडो माणसं वाचवली, देवमाणूस. सगळे हो हो करत होते. नानांनी हात वर केला. 

"नही," नाना म्हणाले. "मी खोटं बोलालेच उतरनू व्हतू."

कोणाला काही कळेना. चारुलता हातातलं भांडं तसंच धरून दारात उभी राहिली. नाना कोणाकडे न बघता सावकाश बोलत होते, जणू बांधावरच्या पोरीला समजावून सांगतायत. गाडीतून उतरताना त्यांनी मनात पक्कं केलं होतं, की ऋतिका जे म्हणेल त्याला हो म्हणायचं. फट कुठेही असो, गाडी सुटली पाहिजे. पॉइंटपाशी पोचेपर्यंत तेच ठरलं होतं.

"पन कोणतं खोटं बोलू तेच माले समजेना," नाना म्हणाले. "पॅनलवर तू कोणती बाजू लाई, ते तू सांगंच नही. आवाजमा बी काही उनं नही. केळीकडे म्हनू तं गाडी सुटी, का रस्त्याकडे म्हनू तं सुटी? मंग माले देखनं पडनं. आनि देखं, तं जे दिसनं ते तोंडमाईन निंघी गयं."

 नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण नजर तीच, केबिनमधून हाक मारणारी.

"तुले शक उना व्हता का? मी खोटं बोलसू आसा?"

सगळ्यांसमोर, त्यांच्या दारात, अक्कांच्या दुखवट्यात.  पण नानांशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"हो नाना," मी म्हटलं. "म्हणूनच सांगितलं नाही."

नानांनी मान हलवली. "बराबर," ते म्हणाले, आणि पंच्यात तोंड घालून रडायला लागले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच रडत होते, हे मला चारुलताने नंतर सांगितलं. त्या वेळी ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.